ओढ्याकाठचा निळा माशीमार



आज एका लहानशा पाखराची ओळख करून द्यायची आहे. चिमणीहून थोडेसे लहान, पाठीने निळे, छातीने नारिंगी, आणि वस्ती दाट सावलीत. आता हे ऐकून जालना जिल्ह्यातले श्रोते हसतील. "अहो, आमच्याकडे दाट सावली आहे कुठे? इथे कपाशी, सोयाबीन, तूर आणि मोसंबीच्या बागा. जंगल बघायचं तर आम्ही गाडीत बसून दुसऱ्या जिल्ह्यात जातो," असे कोणी म्हणेल. त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९८१ सालच्या १ मे रोजी हा जिल्हा वेगळा झाला, आणि महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत जंगल अगदी कमी, त्यांच्या यादीत तो पहिल्यापासून आहे. पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी.

मग जंगलातल्या पाखराची गोष्ट इथे कशाला? तर त्याचे कारण असे, की आपण ज्याला जंगल म्हणतो आणि पाखरू ज्याला जंगल म्हणते, त्यांत फरक आहे. आपल्याला जंगल म्हटले की सागवानाचे डोंगर दिसतात. पाखराचा हिशेब लहान असतो. ओढ्याच्या एखाद्या वळणावर करंज, जांभूळ, उंबर अशी दहा-वीस झाडे एकमेकांत फांद्या घालून उभी असतात. त्यांच्या बुडाशी निर्गुडीची नाहीतर घाणेरीची जाळी असते. दरड थोडी ओलसर असते. भर दुपारीही तिथे उन्हाचे कवडसेच तेवढे पडतात. निळ्या माशीमाराला एवढे पुरते. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे उतार आहेत, अंबडकडे टेकड्या आहेत, देवस्थानांभोवती राखलेली झाडी आहे, जुन्या आमराया आहेत. अशा जागा आधी पाहाव्यात. मराठवाड्यातल्या झाडीच्या डोंगरी भागात हा पक्षी राहतो, आणि हिवाळ्यात तो थोडा इकडेतिकडे फिरून आमराईत, बागेतही उतरतो.

आता या 'माशीमार' नावाचा उलगडा करू. कोतवाल आपण सर्वांनी पाहिला आहे. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, म्हशीच्या पाठीवर बसून फिरणारा. तो बसल्या जागेवरून झेप घेतो, उडता किडा हवेतच टिपतो आणि पुन्हा येऊन बसतो. तारेवरचा वेडा राघूही तेच करतो. हे दोघे उघड्या रानातले कारागीर. तोच धंदा झाडीच्या आत, सावलीत बसून जे लहान पक्षी करतात, त्यांना माशीमार म्हणावे. काही पुस्तकांत त्यांना 'लिटकुरी' असेही म्हटलेले आढळेल. माशी, चिलट, डास, लहान पतंग असे उडते किडे हे त्यांचे मुख्य अन्न. पानावरचा, फांदीवरचा किडाही ते सोडत नाहीत.

आज ज्याची गोष्ट आहे, त्याचे पुस्तकातले पूर्ण नाव 'टिकेलचा निळा माशीमार'. हा टिकेल कोण? सॅम्युएल टिकेल हा ब्रिटिश सैन्यातला एक अधिकारी होता. १८११ साली जन्मला, १८७५ साली वारला. हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी करता करता त्याने पाखरांचा अभ्यास केला. एडवर्ड ब्लाइथ या शास्त्रज्ञाने १८४३ साली या माशीमाराचे शास्त्रीय वर्णन लिहिले आणि त्याला टिकेलचे नाव दिले. पाखरू मात्र त्याच्या आधीपासून आपल्या ओढ्यावर बसत होते! आपल्या भागापुरते सांगायचे, तर डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी सगळा मराठवाडा त्याच संस्थानात होता. म्हणजे आपल्या मुलुखातल्या पाखरांची शिस्तशीर नोंद होऊ लागल्याला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला.

असो. मुख्य प्रश्न, तो ओळखायचा कसा?

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, ही अडचण खरी. पण एका परीने ते बरेच आहे. चित्र पाहिले की माणूस रंगाच्या मागे लागतो, आणि लहान पाखरांच्या बाबतीत रंग फसवतो. म्हणून मी रंग शेवटी सांगणार आहे. बाजारात लांबून येणारा आपला गाववाला आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही; चालीवरून ओळखतो. पाखराचेही तसेच. आधी जागा, मग बैठक, मग आवाज, आणि मग रंग, असा क्रम धरावा.

पहिली जागा. निळा माशीमार झाडाच्या शेंड्यावर बसत नाही. तारेवर बसत नाही. उघड्या शेतात दिसत नाही. तो बसतो झाडीच्या खालच्या अंगाला, बहुधा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहूनही खाली. लोंबती वेल, आडवी वाळकी फांदी, दरडीतून बाहेर आलेले मूळ, अशी बैठक त्याला आवडते. म्हणून त्याला शोधताना मान वर करू नये; नजर समोर ठेवावी.

दुसरी बैठक. तो अंग ताठ ठेवून बसतो, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा. मधूनमधून शेपटीला हलकासा झटका देतो. एक झेप, चोचीचा बारीकसा टक् आवाज, आणि पुन्हा त्याच फांदीवर, नाहीतर शेजारच्या. तुम्ही पाच मिनिटे गप्प उभे राहिलात, तर तीच जागा तो पुन्हा पुन्हा धरतो असे दिसेल. सकाळी तर तो कामात असतोच. पण संध्याकाळी दिवेलागण होऊन गेल्यावर, इतर पाखरे झोपायच्या तयारीत असताना, याची झेप चालूच असते. सावलीची सवय असलेल्या डोळ्यांना अंधूक उजेड पुरतो.

तिसरा आवाज. रेडिओच्या श्रोत्यांना तर हाच पुरावा सर्वांत जवळचा. याचे गाणे छोटे. पाच-सहा स्वरांची एकच लकेर, आधी खाली उतरते आणि मग वर चढते. आवाजाला धातूचा नाद आहे, बारीक घुंगरे एकदाच हलवल्यासारखा. दयाळ पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकणाऱ्याला हे गाणे अगदीच तोकडे वाटेल. पण तीच लकेर थोड्या थोड्या वेळाने तशीच ऐकू येते, आणि झाडीत कितीही खोल असली तरी कानाला लागते. याशिवाय त्याची रोजची बोली म्हणजे 'टिक्, टिक्' असा कोरडा आवाज, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा. तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलात की तो तुम्हाला हे ऐकवतो. ओढ्यात उतरल्यावर 'टिक् टिक्' ऐकू आले की पाऊल थांबवावे आणि खालच्या फांद्या एकेक करून न्याहाळाव्यात.

आणि आता रंग. नराची पाठ, डोके, पंख आणि शेपटी गडद निळी. कपाळावर, डोळ्याच्या वर भुवईसारखी, आणि खांद्यावर त्याच निळ्याची उजळ झाक. गळा आणि छाती नारिंगी-तांबूस. पोट पांढरे. नारिंगी कुठे संपते आणि पांढरे कुठे सुरू होते, ती रेघ बऱ्यापैकी स्पष्ट असते. मादीचा रंग फिका. निळ्यात राखाडी मिसळलेली पाठ, आणि गळा-छातीवरचे नारिंगीही धुतलेल्या कापडासारखे उतरलेले. घरट्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्ले तर फारशी निळी वाटत नाहीत. त्यांच्या तपकिरी अंगावर फिके ठिपके असतात. शेजारी आईबाप चारा घेऊन आले म्हणजे खात्री करावी.

रंग फसवतो असे मी म्हणालो, ते का? गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. पिसातला नारिंगी रंग हा खरोखरीचा रंग असतो. हळदीत पिवळेपणा असतो तसा. निळ्याचे तसे नाही. निळ्या पिसात निळा रंग भरलेला नसतो. पिसाची अतिसूक्ष्म घडणच अशी असते, की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा आपल्याकडे परत येतो. निळे पीस खलबत्त्यात कुटले, तर निळी भुकटी मिळत नाही. निळाई नाहीशी होते. म्हणून हा पक्षी गर्द सावलीत बसला, की काळा नाहीतर राखाडी दिसतो. बघणारा म्हणतो, "काळं पाखरू होतं, चिरक असेल." तेवढ्यात ते मान वळवते, एक कवडसा खांद्यावर पडतो, आणि निळा रंग ठिणगीसारखा चमकून जातो. तो क्षण यायची वाट पाहावी लागते.

आता कोणकोणाशी याची गल्लत होते ते पाहू. कारण एखादे पाखरू ओळखणे म्हणजे ते कोणते नाही हेही समजणे.

निळे पाखरू म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना चास आठवतो, दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ. तो अंगाने कबुतराएवढा, तारेवर किंवा उघड्या खांबावर बसणारा. त्याच्याशी घोटाळा व्हायचे कारण नाही.

खरा घोटाळा होतो लहान खंड्याशी. वर निळा, खाली नारिंगी, चण छोटी आणि जागाही ओढ्याचीच. पण खंड्याची चोच पाहा. अंगाच्या मानाने लांब, सरळ, सुरीसारखी. माशीमाराची चोच लहान आणि नाजूक. खंड्याचे पोटही नारिंगी, माशीमाराचे पांढरे. खंड्याचे लक्ष खाली पाण्यात, माशीमाराचे समोर हवेत. खंड्या मासा धरतो, हा माशी धरतो. मुलांना एवढे एक वाक्य दिले तरी ती विसरत नाहीत.

दुसरी गल्लत हिवाळी पाहुण्याशी. लाल कंठाचा माशीमार म्हणून एक लहान पक्षी आहे. त्याची पिल्ले होतात पूर्व युरोपात आणि मध्य आशियाच्या बाजूला. पण थंडी काढायला तो आपल्या देशात येतो. आपला पाऊस सरला की येतो आणि उन्हाळा तापू लागला की जातो. आमराई, बाग, शेताकाठची झाडे त्याला चालतात, त्यामुळे जालन्याच्या माणसाला तो निळ्याहून आधी भेटण्याचा संभव अधिक. नराचा गळा नारिंगी असतो, म्हणून लोक फसतात. त्याची पाठ पाहावी. ती तपकिरी, मातकट असते, निळी नव्हे. आणि शेपटी पाहावी. तो शेपटी वारंवार वर उचलतो, तेव्हा तिच्या मुळाशी दोन्ही अंगांना पांढरे पट्टे दिसतात. निळ्या माशीमाराच्या शेपटीत पांढरे काहीच नसते. एवढी एक खूण धरली तरी निकाल लागतो.

तिसरा, निळ्या गळ्याचा माशीमार. हा हिमालयाकडचा, थंडीत दक्षिणेकडे येता-जाता क्वचित भेटेल. नराची पाठ निळी, छाती नारिंगी, अगदी आपल्यासारखीच. पण गळा निळा. आपल्या माशीमाराचे नारिंगी थेट हनुवटीपाशी पोचते. म्हणून नियम असा, की निळा माशीमार दिसला की आधी गळा पाहावा.

चौथा, अंगभर एकसारखा निळसर-हिरवा, मोरचुदाच्या रंगाचा माशीमार. तोही हिवाळी पाहुणा. त्याच्या अंगावर नारिंगीचा थेंब नाही, चोच आणि डोळ्यांच्या मध्ये काळा डाग आहे, आणि तो शेंड्यावर, उघड्या फांदीवर बसतो. जागेवरूनच ओळख पटते.

आणि आपले नेहमीचे दोघे. नाचण तर घरामागच्या लिंबाच्या झाडावरही असते. काळपट अंग, पांढरी भुवई, आणि शेपटीचा पंखा पसरून सारखी गिरकी घेणे. दुसरा स्वर्गीय नर्तक. त्याचा वयात आलेला पांढरा नर दोन लांब फिती मागे सोडत झाडीतून जातो, तेव्हा बघणारा काम विसरतो. हे दोघेही माश्याच मारतात. पण गंमत अशी, बरं का, की आजचे शास्त्रज्ञ नाचण, स्वर्गीय नर्तक आणि निळा माशीमार यांना तीन वेगवेगळ्या कुळांत घालतात. उलट ज्याला आपण माशीमार कधीच म्हणणार नाही, तो दयाळ आणि तो अंगणातला चिरक, हे निळ्या माशीमाराचे खरे भाऊबंद ठरले आहेत. धंदा एक म्हणून भावकी एक नसते, हे गावात खरे तसे रानातही खरे.

आता त्याच्या संसाराकडे वळू, कारण आजच्या बोलण्याचे खरे प्रयोजन तिथे आहे.

या पक्ष्याचा विणीचा काळ साधारण एप्रिल ते ऑगस्ट, आणि जूनच्या सुमारास तो भरात असतो. घरटे तो उंच फांदीवर बांधत नाही. ओढ्याच्या दरडीतले भोक, झाडाची ढोली, मुळांमधली पोकळी, दगडांची कपार, अशी जागा निवडतो. आत शेवाळ, वाळकी पाने आणि बारीक मुळ्या यांची वाटी करतो. मादी तीन ते पाच अंडी घालते. फिक्या मातकट रंगावर तांबूस बारीक शिंतोडे. म्हणजे या पाखराला दोन गोष्टी लागतात, वर सावली आणि खाली न ढासळलेली दरड. दोन्ही एका जागी असतील तरच त्याचा संसार होतो.

आणि आपल्या जिल्ह्यात या दोन गोष्टी एका जागी कुठे उरल्या आहेत? बहुतेक करून ओढ्याकाठीच. डोंगर उघडे झाले, माळ नांगरले गेले, बांधावरची झाडे एकेक करून गेली. ओढ्याचा काठ कुणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून तेवढा राहिला.

इथे मला जपून बोलले पाहिजे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे पोराबाळांसारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांना आपल्या हातांनी तोडावी लागली. ज्याने ते सोसले, त्याला पाण्याचे मोल कुणी शिकवायला नको. पुढे २०१४ च्या डिसेंबरात राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान आणले, आणि गावोगाव नाले खोल आणि रुंद करण्याची कामे निघाली. पाणी अडले पाहिजे, जमिनीत मुरले पाहिजे, यात वाद नाही. माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना पाखराचे गाणे गाण्यात अर्थ नाही, हेही मला कळते.

पण नाला खोल करणे आणि नाल्याचे दोन्ही काठ बोडके करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र एकदा पात्रात उतरले की चालकाला सरळ रेघ सोयीची वाटते. वळणावरचा करंज आडवा येतो, उंबराची मुळे खोऱ्यात अडकतात, आणि अर्ध्या तासात तीस-चाळीस वर्षांची सावली काठावर आडवी पडते. ही कामे होतात उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना. आणि तोच काळ दरडीतल्या घरट्यांचा. नुकसान एकट्या पाखराचे होत नाही. झाडांची मुळे दरड धरून ठेवतात. ती गेली की पहिल्या मोठ्या पावसात काठ पात्रात उतरतो, आणि पैसे घालून उपसलेला गाळ पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.

म्हणून एक साधी सूचना करतो. ती ग्रामपंचायतीला जमण्यासारखी आहे आणि तिला वेगळा खर्च नाही. नाल्याचे काम ठरले, की यंत्र येण्याआधी गावातले दोन जाणते शेतकरी, शाळेचे गुरुजी आणि वरच्या वर्गातली चार मुले यांनी एका सकाळी काठाने चालावे. चैत्र-वैशाखात चालावे म्हणजे उत्तम. जी झाडे सावली धरून आहेत, त्यांच्या बुंध्याला गेरूचा पट्टा ओढावा. ज्या दरडीच्या भोकात पाखरू चोचीत किडा घेऊन शिरताना दिसेल, तिथे वरच्या बाजूला एक खुंटी ठोकावी. मग काम सांगणाऱ्याला आणि यंत्र चालवणाऱ्याला शब्दांत सांगावे, की पट्ट्याचे झाड राहू द्या, खुंटीपासची दरड पावसाळा संपेपर्यंत सोडा, आणि जमेल तिथे एकाच काठाने काम करा, दुसरा काठ तसाच ठेवा. उपसलेली माती झाडांच्या बुंध्यावर ढिगाने टाकू नका. एवढ्याने नाल्यात पाण्याची एक घागरही कमी होणार नाही.

काठ आधीच उघडा झाला असेल, तर तिथे करंज, जांभूळ, उंबर, कडुलिंब ही आपली जुनी झाडे लावावीत. खाली निर्गुडी आपण होऊन आली तर ती उपटू नये. पाखराला साफसूफ केलेली बाग नको असते. त्याला थोडा गचपणा लागतो.

कुणी विचारील, हे पाखरू शेतकऱ्याच्या काय उपयोगाचे? ते किडे खाते हे खरे. पण ते सावलीतले किडे खाते, कपाशीवरची बोंडअळी टिपायला ते येणार नाही. तसे खोटे आश्वासन मी देत नाही. त्याचा उपयोग निराळा आहे. विहिरीत दगड टाकून आपण पाण्याचा अदमास घेतो ना? तसा हा पक्षी म्हणजे सावलीचा अदमास आहे. तो ज्या वळणावर दर साल पिल्ले काढतो, तिथे झाडे आहेत, दरड शाबूत आहे, ओल आहे आणि विषारी फवाऱ्यातून वाचलेले किडे आहेत, असे बिनदिक्कत समजावे. त्याची लकेर ऐकू येईनाशी झाली, तर यांतले काय कमी झाले ते पाहायला जावे.

शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. अरण्य आणि पाखरे मराठीत आणणारा हा वनाधिकारी-लेखक २०२५ साली आपल्यातून गेला. १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. ते १८९६ साली जन्मले. या आठवड्यात हिवाळी पाहुणे पोचलेले असतात, म्हणून तुलना करायला हा काळ फार चांगला. मुलांना घेऊन सकाळी ओढ्यावर जावे. पाच-सहापेक्षा जास्त मुले एका वेळी नेऊ नयेत. दुर्बीण नसली तरी अडत नाही; गप्प उभे राहता आले पाहिजे.

एक वही करावी. तिच्यात पाखराचे नाव सर्वांत शेवटी लिहायला लावावे. आधी तारीख आणि वेळ. मग कुठे बसले होते, किती उंचीवर, उन्हात की सावलीत. मग शेपटी हलवत होते का, उडून त्याच जागी परत आले का. मग आवाज कसा, तो मुलाने आपल्या शब्दांत लिहावा. मग गळा, पोट, पाठ, शेपटी यांचे रंग. आणि नाव कळले तर नाव. कळले नाही तर 'कळले नाही' असेच लिहावे. त्यालाही पूर्ण गुण द्यावेत. अदमासाने नाव ठोकून देणाऱ्या मुलापेक्षा, 'शेपटीत पांढरे होते, पाठ मातकट होती, नाव माहीत नाही' असे लिहिणारा मुलगा पुढे चांगला शेतकरी होईल, चांगला डॉक्टरही होईल.

आणखी एक पथ्य. घरटे सापडले तर हात घालू नये, समोर गर्दी करू नये, जाळी मोडून फोटो काढू नये. हल्ली मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज मिळतात. विणीच्या दिवसांत ते त्याच्या हद्दीत वाजवू नयेत. दुसरा नर आला असे समजून तो चारा सोडून भांडायला येतो, आणि तेवढा वेळ पिल्ले उपाशी राहतात. गलोल तर घरीच ठेवावी. रानातली पाखरे मारायला आणि पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मुलांना एकदा नीट समजावून सांगावे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी गुरे पाजायला, मोटार चालू करायला किंवा सहज म्हणून ओढ्याकडे जाल, तेव्हा दाट झाडाखाली क्षणभर थांबा. 'टिक् टिक्' ऐकू येते का पाहा. आले, तर नजर खालच्या फांदीवर ठेवा. आधी गळा पाहा, मग शेपटी पाहा. निळा माशीमार असला, तर घरी येऊन मुलांना सांगा, आणि त्या वळणावरच्या झाडांना या उन्हाळ्यात कुऱ्हाड लागू देऊ नका.